कड्यावरची कवळी

हाल्याला बंद जमिनीतली मुसळी दिसते, असं झरीच्या आसपासच्या पाड्यांमध्ये सगळे म्हणत. दिवाळी होऊन गेली की मुसळीचा पाला पिवळा पडून गळतो, वर गवत वाळतं, आणि खाली काही आहे याची खूणसुद्धा राहत नाही. बाकीची माणसं तेव्हा अंदाजाने टिकाव मारत फिरायची. हाल्या मात्र उभा राहायचा, पायाने गवत जरा बाजूला करायचा आणि म्हणायचा, "इथं." तिथं खणलं की बोटांएवढे पांढरे कंद घोसाने वर यायचे. कुणी विचारलंच तर तो सांगायचा की यात जादू काही नाही. पाला गेला तरी त्याच्या बुडाशी केसांसारखे तंतू शिल्लक राहतात, तेवढे बघायचे.

वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने सडसडीत, बोलणं कमी. त्याची बायको जिवली घोलवडच्या एका नर्सरीत कामाला जायची. सकाळी मजुरांची जीप पाड्याखालच्या रस्त्यावर यायची आणि दिवस मावळायच्या आत परत सोडायची. पिशव्यांत माती भरणं, रोपं बदलणं, खिरणीच्या रोपावर चिकूची काडी बांधणं, ही तिची कामं. तिने बांधलेलं कलम सहसा वाया जात नसे, म्हणून नर्सरीचा मालक नव्या बायकांना तिच्या शेजारी बसवायचा. एकुलती एक मुलगी निलम लग्न होऊन उधव्याला गेली होती. घरात दोघंच.

मुसळी विकायची गोष्ट पहिल्यांदा काढली ती दिपकने. दिपक घोलवडचा, टेम्पोवाला. बागांमधून चिकूच्या पेट्या उचलून स्टेशनवर आणि ट्रकच्या अड्ड्यावर पोचवायचा. जिवलीची जीप बंद पडली की तो तिला आणि इतर बायकांना टेम्पोतून घरी सोडायचा, त्यातून हाल्याशी ओळख झाली आणि पुढे दोस्तीही. २०१४ च्या दिवाळीनंतर एके दिवशी तो पाड्यात आला आणि म्हणाला, "हाल्याभाऊ, एक पार्टी आहे, दवावाली. त्यांना मुसळीचा कंद पाहिजे. जेवढा देशील तेवढा घेतील."

"फॉरेस्टवाले?"

"नाक्यावर मला सगळे ओळखतात. खाली कंद, वर चिकूच्या पेट्या. कोण बघतंय?"

जंगलातला कंद असा विकायला काढणं गुन्हा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. पण भात झोडून झालं होतं, दुसरं काम नव्हतं, आणि डोंगर तर दारातच होता. हाल्याने ते वर्ष खणलं, पुढचंही खणलं. घरावर नवे पत्रे आले, निलमच्या बाळंतपणाची सोय झाली. त्याला बघून पाड्यातले इतरही टिकाव घेऊन निघाले. व्यापाऱ्याला नुसते कंद हवे असत. कंदांच्या वर जी चकती असते, जिच्यातून पुढच्या वर्षीचा पाला फुटतो, ती सगळे तोडून उन्हात फेकून द्यायचे. त्याच दोन वर्षांत रस्त्याच्या भरावासाठी खालचे दोन उतार मुरुमाला कापले गेले. जिथं मुसळी कधी कुणी हुडकायलाही जात नसे, इतकी ती पायाखाली असायची, तिथं आता लाल खड्डे होते आणि त्यांच्या काठाने बाभळी उगवल्या होत्या.

मग २०१६ चा जून आला.

बाजारात ज्या कंदाला सफेद मुसळी म्हणतात, त्याच्याच कोवळ्या पाल्याला पाड्यात कवळी म्हणतात. पावसाळ्यात उगवणारी पहिली भाजी ती. गावदेवाला कवळी दाखवायची, सगळ्या घरांनी एकत्र बसून ती खायची, आणि त्यानंतरच रानातली बाकीची भाजी चुलीवर चढवायची, हा तिथला नेम. कवळी झाल्याशिवाय टाकळा नाही, शेवळं नाहीत, काही नाही. देवासाठी कवळी खुडून आणायचा मान सुकऱ्या भगताकडे होता. सुकऱ्याबाबाने सत्तरी गाठली होती. दर वर्षी तो स्वतः टोपली घेऊन निघायचा आणि दुपारपर्यंत भरून आणायचा.

त्या वर्षी तो टोपली घेऊन गेला आणि रिकामी टोपली घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या चार बायका त्याच्याबरोबर गेल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्याच गेल्या, पार पलीकडच्या नाल्यापर्यंत. मिळून आठ-दहा पानं हाती लागली, तीही किड्यांनी खाल्लेली. सुकऱ्याबाबाने ती पानं ओंजळीत घेऊन बघितली आणि म्हणाला, "ही देवाला दाखवायची नाय. थांबू."

पाडा थांबला. बांधावर टाकळा हाताएवढा झाला, झाडांच्या बुडाशी शेवळं वर आली, जून होऊन जायला लागली. बायका त्यांच्याकडे बघत पुढे जायच्या आणि घरी येऊन सुक्या बोंबलाचं कालवण करायच्या. आठवडा गेला. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला बोल लावला नाही. पण विहिरीवर हाल्या आला की बोलणं थांबायचं, एवढं त्याला कळत होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी जिवली कामावरून आली. पाय धुतले, चूल पेटवली, आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "तुला माहीत आहे ना कुठं आहे ती?"

हाल्या दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "आहे."

"कुठं?"

"खांडीच्या डोंगरावर. कड्याच्या पोटात एक पट्टी आहे. उंबराचं मूळ धरून चढावं लागतं. तिथं कुणी जात नाय."

"मग तू का नाय खणलीस?"

"राखून ठेवली होती. बाकी सगळी संपली की काढायची म्हणून."

जिवलीने फुंकणी खाली ठेवली. "नऊ दिवस झाले. बसलायस कशाला मग?"

"कुठून आणली ते विचारतील. मग बाकीची कुठं गेली तेही विचारतील."

"ते त्यांना माहीत नाय असं वाटतंय का तुला?" ती म्हणाली. "उद्या मी कामावर जात नाय. दोघं जाऊ."

सकाळी दोघं खांडीचा डोंगर चढले. कड्याखाली पोचल्यावर हाल्या पुढे झाला, मुळाला धरून वर सरकला, आणि मग हात देऊन त्याने जिवलीला वर घेतलं. पट्टी फार तर चार पावलं रुंद होती, लांबीला मात्र चांगली पन्नास पावलं. वरून पाणी झिरपत होतं आणि काळ्या मातीच्या त्या पट्टीवर कवळी इतकी दाट उगवली होती की पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. जिवली तिथंच खाली बसली. लहानपणी आईबरोबर कवळी खुडायला जायची तेव्हा सगळा डोंगरच असा असायचा. गेल्या कित्येक वर्षांत तिने इतकी कवळी एका जागी पाहिली नव्हती.

"एका गड्ड्याची दोनच पानं घे," हाल्या म्हणाला. "सगळी काढली तर खालचा कंद भरत नाय."

"हे तुला आता सुचतंय," जिवली म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. दोघांनी मिळून टोपली भरली.

गावदेवाच्या झाडाखाली पाडा जमला. सुकऱ्याबाबाने टोपली समोर ठेवून घेतली, पानं वरखाली करून बघितली आणि विचारलं, "कुठली ही?"

हाल्या उभा होता. त्याने जागा सांगितली. मग म्हणाला, "बाकीच्या डोंगराची मी खणली, बाबा. दोन वर्षं. टेम्पोत भरून दिली."

मग मागून झिपरू म्हणाला, "एकट्याने नाय खणली. आम्ही पण होतो." झिपरूचं घर हाल्याच्या घराला लागून होतं, आणि त्याच्याही घरावर नवे पत्रे होते.

"आधी देवाला दाखवू," सुकऱ्याबाबा म्हणाला. "बोलायचं ते जेवून बोलू."

कवळी चिरली गेली, मोठ्या पातेल्यात शिजली, देवाला दाखवली गेली आणि पानापानावर वाढली गेली. नऊ दिवस थांबलेली माणसं जेवली. पोरांनी दोनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर सुकऱ्याबाबा हात पुसत हाल्याजवळ येऊन बसला.

"त्या कड्यावर मी चढू शकत नाय," तो म्हणाला. "माझ्या मागून ज्याच्याकडे टोपली जाईल तोही म्हातारा होणारच. ती खाली आण."

"खाली कशी आणणार, बाबा? मुसळी कुणी लावत नाय. ती आपली येते."

"तुझी बायको घोलवडला काय करते?"

जवळ बसलेल्या बायका हसल्या. जिवलीही हसली. आणि तेवढ्यावर ते ठरलं.

जुलैमध्ये दोघं पुन्हा कड्यावर गेले आणि बारा गड्डे मातीसकट उचलून आणले. जिवलीने नर्सरीतून काळ्या पिशव्या मागून आणल्या, माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, आणि घराच्या पडवीत अकरा पिशव्या ओळीने लावल्या. बारावा गड्डा राहिला, तो हाल्याने एका फुटक्या मडक्यात लावून घरामागे ठेवला. ऑगस्टमध्ये सगळ्यांना पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं आली. जिवली रोज कामावर जाण्याआधी पिशव्या बघायची, तण काढायची. तिच्या हाताला यश होतं, यात कुणाला शंका नव्हती.

सप्टेंबर संपता संपता पानं पिवळी पडू लागली. जिवलीने पाणी वाढवलं. आणखी पिवळी पडली, तेव्हा तिने सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं आणि नर्सरीतलं थोडं औषधही आणून फवारलं.

हाल्या बघत होता. एकदा म्हणाला, "तिला झोप आलीय. पाणी नको पाजू."

"रोप पिवळं पडलं की तहानलेलं असतं."

"चिकूचं असेल. हिचं नाय."

"तू आयुष्यभर उपटत आलास. मी लावते," जिवली म्हणाली, आणि त्याने पुढे वाद घातला नाही.

दिवाळीच्या आधी तिने एक पिशवी फाडून बघितली. आत काळा चिखल होता आणि कुजका वास. दुसरी फाडली, तिसरी फाडली. अकरापैकी दोन पिशव्यांत एखाददुसरा कंद टिकला होता, बाकी सगळं गेलं होतं. ती तशीच हात चिखलाने भरलेले घेऊन पडवीच्या पायरीवर बसली. नर्सरीत तिच्या हातून इतकं नुकसान कधी झालं नव्हतं. हाल्या घरामागे गेला आणि फुटकं मडकं उचलून घेऊन आला. त्याला कुणी पाणी घातलंच नव्हतं. माती सुकून दगडासारखी झाली होती. त्याने मडकं पायरीवर आपटून फोडलं. आतून टणक, पांढरा, भरलेला घोस निघाला.

जिवलीने तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, चकतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ही चकती कापता येईल. बघ, इथं डोळे आहेत. एकेका डोळ्याबरोबर एकेक कंद ठेवून कापली तर एकाची सहा रोपं होतील."

"कापली तर मरेल."

"आता तू गप्प बस," जिवली म्हणाली. "झोप कधी येते ते तुला कळतं. कापायचं कसं ते मला."

तिने कलमाचा चाकू चुलीवर तापवून घेतला, थंड होऊ दिला, आणि चकतीचे सहा तुकडे केले. कापलेल्या जागी राख लावली. वाचलेल्या कंदांबरोबर ते तुकडे कोरड्या वाळूत घालून मडक्यात माळ्यावर ठेवले. हाल्याने कड्यावरून आणखी थोडे गड्डे आणले, पट्टीवर विरळ केल्यासारखं दिसणार नाही अशा बेताने, एक इथून एक तिथून. हिवाळा आणि उन्हाळा मडकी माळ्यावर राहिली. जिवलीला वरचेवर उघडून बघावंसं वाटायचं. हाल्या म्हणायचा, "झोपू दे."

२०१७ च्या जूनमध्ये त्यांनी घराच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी साचत नाही अशा उतारावर, गादीवाफे करून चाळीसेक तुकडे लावले. चौतीस उगवले. झिपरूने कुंपणाला काटेरी फांद्या आणून दिल्या, आणि येता जाता पाड्यातली माणसं तिथं थांबून बघू लागली. सुकऱ्याबाबा एकदा काठी टेकत आला, वाफ्याच्या कडेला बसून राहिला, आणि जाताना म्हणाला, "बरं आहे."

दिपकचं येणं मधल्या काळात कमी झालं होतं. गेल्या हंगामात हाल्याने त्याला कंद द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने फार ताणलं नाही. पण व्यापारी त्याच्या मागे लागला होता. नोव्हेंबरमधल्या एका दुपारी हाल्या भाताच्या पेंढ्या रचत होता, तेव्हा फोन वाजला.

"हाल्याभाऊ," दिपकचा आवाज होता, "मी जरा अडकलोय."

"कुठं? टेम्पो बंद पडला काय?"

"टेम्पो खाली आहे. मी वर आहे. तुझ्या त्या कड्यावर."

हाल्याने हातातली पेंढी खाली ठेवली.

"मूळ तुटलं रे," दिपक म्हणाला. "आता खाली उतरायला काही नाही. गुडघा सोलपटलाय. तहान लागली आहे. तू येतोस का?"

हाल्याने बैलाचा लांब दोर घेतला, पाण्याची बाटली घेतली, झिपरूला हाक मारली. वाटेत झिपरू म्हणाला, "राहू द्यावा तिथंच रात्रभर." हाल्या म्हणाला, "वाघराचा वावर आहे तिकडं," आणि दोघं भराभर चालू लागले. कड्याखाली पोचल्यावर झिपरू तिथंच थांबला. हाल्या लांबचा वळसा घेऊन डोंगराच्या माथ्यावर गेला, वर एका झाडाला दोर बांधला आणि त्याला धरून पट्टीवर उतरला.

दिपक कड्याला पाठ टेकून बसला होता. शर्ट घामाने चिकटला होता, एका गुडघ्याचं रक्त सुकलं होतं. जवळ एक छोटी कुदळ आणि प्लास्टिकची गोणी होती. हाल्याने त्याला पाणी दिलं आणि गोणी उघडून बघितली. आत आठ गड्डे होते, चकत्यांसकट. तोडायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

"तुला ही जागा कशी कळली?"

"पाड्यात सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी बोललं असेल." दिपकने मान खाली घातली. "तो पार्टीवाला रोज फोन करतोय. मला वाटलं, तू देत नाहीस तर आपणच थोडी काढू. तुला सांगायचं पण होतं."

"आधी ही लाव," हाल्या म्हणाला.

"काय?"

"आठही लाव. जिथून काढलीस तिथं."

"आता? मला उभं राहता येत नाही."

"बसून लाव. मग दोर बांधतो."

दिपकने त्याच्याकडे बघितलं. हाल्या चेष्टा करत नव्हता, आणि चिडलेलाही दिसत नव्हता. तो शेजारी उकिडवा बसला आणि दाखवू लागला: खड्डा किती, चकती वरच्या बाजूला कशी, वर माती किती दाबायची. दिपकने आयुष्यात चिकूच्या हजारो पेट्या वाहिल्या होत्या, पण स्वतःच्या हाताने एक झाड लावलं नव्हतं. पहिला गड्डा त्याने उलटाच धरला. हाल्याने तो सुलट करून दिला. आठवा दिपकने न विचारताच सुलट लावला.

"पाणी घालू का?" त्याने बाटली पुढे केली.

"तू पी. तिला आता नको असतं."

मग हाल्याने त्याच्या कमरेला दोर बांधला आणि हळूहळू सोडत त्याला खाली उतरवलं. खाली झिपरूने त्याला धरलं, आणि रात्रभर वरच ठेवायला हवा होता हे बोलून दाखवलंच. दिपकला ते पटल्यासारखं दिसलं.

पाड्यात आल्यावर जिवलीने गुडघा धुऊन हळद लावली आणि काळा चहा केला. कुणी त्याला काही सुनावलं नाही. चहा पिऊन झाल्यावर तो वाफ्यांकडे बोट करून म्हणाला, "हे काय?"

जिवलीने सांगितलं. तो लंगडत जाऊन बघून आला. जमिनीवर तर काहीच नव्हतं, नुसती सुकी माती.

"काही दिसत नाही," तो म्हणाला.

"आता नाय दिसत," जिवली म्हणाली.

काही दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा हाल्याने विचारलं, "त्या पार्टीवाल्याला काय सांगितलंस?"

"सांगितलं, डोंगर संपला. दुसरं बघा."

"मानलं त्याने?"

"त्याने दुसरीकडे शोधलं असेल. पण माझ्या टेम्पोतून नाही." मग तो म्हणाला, "नाक्यावरचा गार्ड परवा विचारत होता, हल्ली तुझा टेम्पो इतका लवकर कसा येतो म्हणून. पेट्यांखाली लपवायला आता काही नसतं ना."

पुढच्या उन्हाळ्यात एक साळिंदर वाफ्यांत शिरलं. काट्यांखालून रस्ता काढून त्याने दोन वाफे एका रात्रीत उकरले आणि कंद खाऊन टाकले. जिवली रडवेली झाली. हाल्याने मात्र फरशीसारखे चपटे दगड गोळा केले आणि निजलेल्या वाफ्यांवर शेजारी शेजारी मांडले. पावसाच्या तोंडावर ते उचलायचे, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. साळिंदर आणखी दोनदा येऊन गेलं, काटे टाकून गेलं, पण दगड काही त्याला हलले नाहीत.

उरलेल्या गड्ड्यांच्या चकत्या कापून जिवलीने दीडशेच्या वर तुकडे केले. एवढे लावायला घराजवळ जागा नव्हती. म्हणून २०१८ च्या जूनमध्ये पाडा गावदेवाच्या वरच्या उतारावर जमला. झिपरू, त्याची बायको, आणखी दहा-बारा घरं, ज्यांनी ज्यांनी खणलं होतं ती बहुतेक सगळी. हाल्या प्रत्येकाला जागा दाखवत होता आणि जिवली तुकडे हातात देत होती. मुरुमाचे खड्डे तिथून दिसत होते. ते भरून येणार नव्हते. त्यांच्याबद्दल आता काही करता येत नव्हतं. पण त्याच पावसाळ्यात ग्रामसभेत वरच्या उतारावर मशीन आणू द्यायचं नाही आणि कंद उपटायचा नाही, असं ठरलं. ठराव वाचून दाखवला तेव्हा सुकऱ्याबाबाने पहिला अंगठा उठवला.

दिपकने स्वतःहून सांगितलं की जादा रोपं असतील तर तो पोचवेल. चिकूच्या रिकाम्या पेट्यांत ओली माती घालून कवळीची रोपं ठेवायची आणि तलासरीकडच्या पाड्यांना नेऊन द्यायची, अशी त्याने तीन खेपा केल्या. नाक्यावर गार्डने टेम्पो थांबवून पेट्या उघडायला लावल्या. जिवलीने ग्रामसभेचा कागद आधीच दिपकच्या खिशात घालून ठेवला होता. गार्डने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "ही लावायला नेताय?" दिपक म्हणाला, "हो साहेब, लावायला." गार्डने एक रोप मागितलं. त्याच्या आईला ही भाजी माहीत होती.

त्या खेपांपैकी एक गेली बारकीच्या पाड्यात. बारकी पन्नाशी ओलांडलेली, नवरा नाही, दोन म्हशी आणि डोंगराला टेकलेलं शेत. तिने वीस रोपं मागून घेतली आणि एकही मरू दिलं नाही.

२०१९ चा पावसाळा सुरू झाला तेव्हा गावदेवाच्या उतारावरची कवळी दाट नव्हती, पण ओळीने होती, आणि ज्या तंतूंच्या खुणा एके काळी एकटा हाल्याच वाचायचा त्या आता पाड्यातली पोरंही एकमेकांना दाखवायची. सुकऱ्याबाबाने टोपली भरायला त्या वर्षी झिपरूच्या सुनेला बरोबर नेलं आणि येताना तिच्याच डोक्यावर दिली.

जुलैमध्ये एका रविवारी बारकी घरी आली. पायी आली होती, साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, पदराच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं. जिवलीने तिला बसायला पाट दिला, भाकरी आणि कवळी वाढली. बारकीने जेवण पूर्ण होईपर्यंत म्हशींबद्दल आणि सुनेबद्दल सांगितलं. मग हात धुऊन पदर सोडला. आत तीन छोटे चपटे कंद होते, बटाट्यासारखे पण त्याहून लहान, एकाला वेलाचा तुकडा लागलेला.

"ही खरपुडी," बारकी म्हणाली. "लहानपणी आम्ही रानात खणून कच्ची खायचो, गोड लागते. कंदिलासारखं फूल येतं हिला. आमच्या रानात आता दिसतच नाय. म्हशींमागे फिरताना पार वर मिळाली, दगडाच्या फटीत."

हाल्याने एक कंद उचलून उजेडात धरला. "तिथं किती होत्या?"

"पाच. दोन ठेवल्या तिथंच."

"बरं केलंस."

"मला लावता येत नाय हिला," बारकी जिवलीकडे वळली. "गेल्या वर्षी एक लावली होती, ती गेली. तुम्ही बघा काय होतंय का."

जिवलीने कंद हातात घेतला. डोळा कुठे आहे ते शोधलं, सापडलं नाही. पुन्हा बघितलं. नर्सरीत अशी गोष्ट तिच्या हातात कधी आली नव्हती. खरपुडीला वर चढायला आधार लागतो का, ऊन किती लागतं, ती कधी झोपते, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं, आणि हाल्यालाही नव्हतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "जागा बघून ये. माती कशी आहे, ऊन कुठून येतं, सगळं बघ. तू आल्याशिवाय मी काही लावत नाय."

हाल्याने डोक्यावर इरलं घेतलं. बारकी म्हणाली, "अरे, जेवून तरी घे, तिथं पोचायला दोन तास लागतील."

"येऊन जेवतो," तो म्हणाला, आणि दोघं पावसातच निघाले. बारकी पुढे, हाल्या मागे, बांधावरून उतरून नाला ओलांडून पलीकडच्या चढाला लागेपर्यंत जिवलीला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. हाल्या इतकं बोलताना तिने फारसं कधी ऐकलं नव्हतं. तिने एक पिशवी घेतली, वाळू चाळायला बसली, आणि त्याच्यासाठी भाजी झाकून ठेवली.